बेबी मिनूचा आवाज

वसंतराव कारखानिसांना दुबईत येऊन तीन आठवडे झाले होते आणि तेवढ्यात करामा भागातल्या निम्म्या मराठी घरांतून त्यांचा आल्बम फिरून आला होता. कोल्हापूरहून निघताना त्यांनी स्वतःचे कपडे जेमतेम चार जोड घेतले. तो जाडजूड निळा आल्बम मात्र हातातल्या पिशवीत, विमानात मांडीवर ठेवून आणला. बर दुबईच्या देवळात गेले की चपला काढता काढता शेजारच्याशी ओळख निघायची आणि पाचव्या मिनिटाला प्रश्न यायचा, "बेबी मिनू आठवते का हो? टोपीवाल्या ससोबाचं गाणं? तिचा मी बाप." समोरचा माणूस चाळिशीच्या पुढचा असला की त्याचा चेहरा खुलायचाच. मग वसंतराव दोन बोटं उंच झाल्यासारखे दिसत.

अभिमान खोटा नव्हता. स्टुडिओच्या कपडेपटात कारकुनी करणाऱ्या माणसानं आपली सात वर्षांची पोर कॅमेऱ्यासमोर उभी केली, पाच सिनेमे करवून घेतले, तिचं चित्र कोल्हापूरच्या चौकाचौकात लागलेलं पाहिलं. बाराव्या वर्षी मिनू एकदम उंच झाली आणि सिनेमे बंद पडले. त्यानंतर काय झालं, म्हणजे पुण्याला मावशीकडे राहून गिरिजाबाईंकडे शिकलेलं कथक, लग्न, दुबईतली अकरा वर्षं, हॉलमधले सोफे भिंतीला लावून शिकवलेल्या बावीस मुली, या सगळ्याला आल्बमात शेवटचं एकच पान मिळालं होतं. "पानंच संपली, त्याला मी काय करू?" असं ते म्हणत. नवा आल्बम घ्यावा असं त्यांच्या मनात आलं नव्हतं.

तर तो शुक्रवार. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी मेळाव्याला बरोबर आठ दिवस राहिलेले. करामाच्या मासळीबाजारातून सदानंदनं, म्हणजे जावयानं, सकाळीच सुरमई आणली होती. ऑक्टोबर संपला तरी खिडकीतला एसी घरघरत होता. वसंतरावांचा मुलगा सत्यजित शारजाहून बायकोला, लतिकाला, घेऊन जेवायला आला. त्याचा फरसाण आणि चटण्यांचा धंदा. शिवाय स्नेहवर्धिनी मंडळाचा तो सांस्कृतिक कार्यवाह, आणि या दुसऱ्या कामाचा त्याला पहिल्यापेक्षा जास्त तोरा. आल्या आल्या त्यानं काखेतली गुंडाळी जेवणाच्या टेबलावर उलगडली.

पोस्टरवर मृणालिनी, म्हणजेच मिनू, होती, पण सात वर्षांची. सशाच्या कानांची टोपी, दोन वेण्या, गालावर खळी. वर मोठ्या अक्षरांत: 'बेबी मिनू पुन्हा रंगमंचावर!'

"वा!" वसंतराव म्हणाले. फोटो त्यांच्याच आल्बमातला होता.

मृणालिनी स्वयंपाकघरातून हात पुसत आली, पोस्टरकडे बघत उभी राहिली. "हे कुणी ठरवलं, सत्या?" तिचा आवाज मुळातच खालच्या पट्टीतला, जाडसर. बाबांसमोर तो ती आणखी खाली ठेवी.

"ताई, ऐक तर. सुरुवात तुझ्या कथकनं. फिफ्टीन मिनिट्स. मग लाइट ऑफ, कॅसेट ऑन, आणि टोपी घालून तुझी एंट्री. पब्लिक वेडं होईल!"

"मी पाऊण तासाचं बसवलंय. तुला महिन्याभरापूर्वी सांगितलं होतं."

"पाऊण तास तीनताल कोण बघणार गं? लोक अबूधाबीहून पोरंबाळं घेऊन येणार. त्यांना बेबी मिनू पाहिजे. बाबा, तुम्ही सांगा ना."

"मी कमिटीला शब्द दिलाय, मिनू," वसंतराव म्हणाले. "गाण्याला नुसते ओठ हलवायचे. तुला काय नवीन आहे त्यात?"

"मी अडतीस वर्षांची आहे, बाबा. मी ससा होणार नाही." ती थोडी थांबली. "आणि यंदा पढंत मी करणार आहे. स्वतः. माइकवर."

पोस्टर बाजूला सारून सगळे एव्हाना जेवायला बसले होते; वसंतरावांनी उचललेला घास परत ताटात ठेवला. पढंत म्हणजे काय, ते त्यांना ठाऊक होतं. कथक करणारी बाई तुकडा नाचायच्या आधी त्याचे बोल तोंडानं म्हणते, हातानं टाळी धरते आणि मग तेच बोल पायांतून काढते. जिनं नाचायचं तिनंच म्हणायचं, अशी रीत. मृणालिनीनं लोकांसमोर ती कधी पाळली नव्हती. पुण्यात होती तोवर बोल गिरिजाबाई म्हणायच्या, दुबईत आल्यावर गिरिजाबाईंची कॅसेट म्हणायची. का, ते या घरात कुणी उच्चारत नसे.

पहिल्या सिनेमाच्या पहिल्याच दिवशी रेकॉर्डिंग करणाऱ्या माणसानं कानावरचं यंत्र काढून मान हलवली होती. पोरगी गोड, पण आवाज म्हणजे भाजीवालीचा. मग मैथिलीबाई नावाच्या रेडिओवरच्या तिशीतल्या बाईंना बोलावलं. त्या नाक चिमटीत धरल्यासारखा बारीक आवाज काढून बोलल्या, गायल्या, आणि निर्मात्यानं रेकॉर्डवर छापलं, 'आवाज: बेबी मिनू'. वसंतरावांनी त्यावर सही केली. पाचही सिनेमांत तेच झालं. सत्कारांना गेलं की लोक पोरीला म्हणत, बोल ना काहीतरी. वसंतरावांनी तिला पढवून ठेवलं होतं: मिनू, बोलायचं नाही, हसायचं. आल्बमातल्या सगळ्या फोटोंत ती हसते आहे. शाळेत उत्तर येत असलं तरी ती हात वर करत नसे, हे मात्र फोटोत दिसत नाही.

"पढंत गिरिजाबाईंचीच असू दे," वसंतराव समजुतीच्या सुरात म्हणाले. "दुपारी मी आतल्या खोलीत पडतो ना, तेव्हा रोज ऐकतो ती कॅसेट. काय आवाज आहे! बाई गेल्या तेव्हा पंचाहत्तरीच्या होत्या, पण एकेका बोलाला वजन म्हणजे वजन. दारातून ऐकलं तरी अंगावर काटा येतो. ते सोडून तू कशाला..."

सदानंदनं मृणालिनीकडे बघितलं. मृणालिनी ताटाकडे बघत होती. त्यांच्या अकरा वर्षांच्या मुलीला, ईश्वरीला, कुणाकडे बघायचं कारण नव्हतं.

"आजोबा, दॅट्स नॉट अ टेप," ती म्हणाली. "ती टेप तर लास्ट इयर तुटली. दॅट्स आई. शी टीचेस एव्हरी आफ्टरनून."

वसंतरावांनी नातीकडे पाहिलं, मग लेकीकडे. दार बंद असायचं, एसी घरघरत असायचा, हे सगळं खरं. पण पोटच्या पोरीचा आवाज आपल्याला ओळखू आला नाही, हेही तितकंच खरं होतं. तो आवाज उंच चढवलेला त्यांनी जन्मात ऐकला नव्हता, तर ओळखणार कसा? त्यांना लाज वाटली. आणि लाज वाटलेला माणूस करतो तेच त्यांनी केलं, हट्टाला पेटले.

"घरातली गोष्ट वेगळी. माइक फार वाईट असतो, मी उभं आयुष्य बघितलंय. लोकांच्या कानांत बेबीचा आवाज बसलाय, मिनू. तू तोंड उघडलंस की तीस वर्षांचं सगळं खलास!" हा शब्द इथं उठताबसता कानावर यायचा आणि त्यांना तो फार आवडला होता.

"मग होऊ दे खलास," मृणालिनी म्हणाली आणि आमटी आणायला आत गेली.

"ताईला समजव ना, सदानंद," सत्यजित म्हणाला. "पोस्टर्स ऑलरेडी छापलीत, यार."

सदानंद एसी बसवणाऱ्या कंपनीत इंजिनियर. बोलण्यात कंजूष. त्याला आयुष्यात पेटीवर एकच चाल येत होती: सोळा मात्रांचा लेहरा, जो कथकच्या मागे गोल गोल फिरत राहतो. दुबईत पेटीवाला टिकेना म्हणून बायकोनं त्याला तो शिकवला, आणि गेली आठ वर्षं तो प्रामाणिकपणे तेवढाच वाजवत आला होता.

"मी पेटीवर बसतो ते मृणालिनी बोलणार असेल तर," तो म्हणाला. "ससोबाला पेटी लागत नाही."

लग्नाला चौदा वर्षं झाली होती, पण सासऱ्यांसमोर तो इतकं सलग पहिल्यांदाच बोलला असेल. वसंतरावांनी आधारासाठी सुनेकडे पाहिलं. लतिका इतका वेळ नवऱ्याच्या हो ला हो करत होती. श्रीखंड वाढता वाढता तिनं बाजू बदलली.

"पोस्टर मी दुसरं छापून घेते," ती म्हणाली. "माझ्या ऑफिसातल्या बिलकीसचा भाऊ प्रेसमध्ये आहे. दोन दिवसांत देईल, इन्शाल्ला."

"ए, तू कुणाच्या पार्टीत?" सत्यजित ओरडला.

"आपली लेक पर्णिका आल्यागेल्यासमोर माझ्या पदरामागे लपायची, आठवतं? आता वर्गात मॉनिटर आहे. कुणी शिकवलं तिला ताठ उभं राहायला? तू? मी ताईंच्या पार्टीत. खालच्या मजल्यावरच्या खैरुन्निसा आपा पायांचा आवाज होतो म्हणून भांडायला आल्या होत्या, त्यांनी स्वतःची पोरगी आणून घातली क्लासला. लोकांना कळतं, सत्यजित. कमिटीला कळायला वेळ लागतो."

वसंतरावांनी श्रीखंडाला हात लावला नाही. घर फिरलं होतं, हे त्यांना कळत होतं. आता एकच माणूस उरला होता ज्याच्या हातात काही होतं, आणि तो मराठी नव्हता.

तो माणूस म्हणजे तबल्यावर बसणारा जमाल. फर्रुखाबादकडचा. घरात चार पिढ्या तबला, पण इथं पोटासाठी शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात गाड्यांचं पेंटिंग. सत्यजितच्या गोदामापासून दोन गल्ल्यांवर त्याचं गॅरेज. रविवारी दुपारी सत्यजित माल उतरवून घेत होता, तेवढ्यात वसंतराव आल्बमची पिशवी काखेत मारून एकटेच तिकडे गेले. रस्ताभर ग्राइंडरचा किरकिराट, उन्हात तापलेले पत्रे आणि थिनरचा वास. एका पांढऱ्या पिकअपच्या दाराला जमाल पॉलिशपेपर घासत होता. पन्नाशीचा, किरकोळ अंगाचा माणूस. वसंतरावांना बघताच त्यानं घाईघाईनं हात पुसले, स्टूल पुढे केलं, बाजूच्या टपरीला दोन चहा सांगितले.

"जमालभाई, एक विनंती है," वसंतरावांनी आपली हिंदी बाहेर काढली. "तुम घर के आदमी जैसा. शुक्रवार को पढंत तुम बोलो ना. मिनू सिर्फ नाचेंगी. तुम्हारा आवाज अच्छा है, मर्दानी है."

जमालनं चहाचा कप त्यांच्या हातात दिला. "बाबूजी, आप बुज़ुर्ग हैं, मना करते शर्म आती है. मगर बोल मैं पढ़ दूँ तो बोल मेरे हो गए. फिर पाँव भी मेरे होने चाहिए."

"उसका आवाज मोटा है, जमालभाई. लोग हसेंगे."

"मोटा?" जमालला खरंच समजलं नाही. "बाबूजी, वो आवाज़ नहीं, पखावज है. मैं शारजा से दो बस बदलकर क्यूँ आता हूँ हर जुम्मे को? यहाँ तबले की महफ़िलें कम हैं क्या?" मग त्यानं आवाज खाली आणला. "आपको एक बात बताऊँ. पिछले साल टेप टूट गया. मैंने कहा, दीदी, टेप छोड़िए, आप पढ़िए. उन्होंने हाथ से ताली रखी, होंठ हिलाए. बराबर हिलाए, एक बोल इधर-उधर नहीं. मगर आवाज़ ही नहीं! मैं समझा बीमार हैं. दूसरे जुम्मे को भी वही. होंठ चल रहे हैं, आवाज़ ग़ायब. छह महीने लगे, बाबूजी. छह महीने में एक 'धा' ज़ोर से निकला उनके मुँह से. उस दिन सदानंद साहब पेटी छोड़कर रो दिए."

वसंतरावांनी चहाचा कप खाली ठेवला.

"ऐसे बिना आवाज़ होंठ हिलाना किसने सिखाया होगा बच्ची को," जमाल सहज म्हणाला, "अल्लाह जाने." मग पिशवीकडे बोट करून त्यानं विचारलं, "ये क्या लाए हैं? फोटो?"

"कुछ नहीं," वसंतराव म्हणाले. "ऐसे ही."

आल्बमबद्दल कुणी विचारलं आणि त्यांनी तो उघडला नाही, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडलं. परतताना गाडीत सत्यजितनं दोनदा विचारलं, काय झालं, जमाल हो म्हणाला का? वसंतरावांनी आल्बमची पिशवी मागच्या सीटवर टाकली. पुढचे चार दिवस ते दुपारी झोपले नाहीत. आतल्या खोलीत दाराजवळ खुर्ची ओढून बसत. मृणालिनीला ते कळलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता शाळेचं सभागृह गच्च भरलं. लतिकानं छापून आणलेल्या पोस्टरवर फक्त 'मृणालिनी प्रधान, कथक' एवढंच होतं, तरी येणारा प्रत्येक जण एकमेकांना सांगत होता की ही ती बेबी मिनू. सत्यजितनं पाऊण तास कबूल केला होता, पण साउंडवाल्याकडे ससोबाची कॅसेट देऊन ठेवलीच होती. पब्लिकनं मागितलं तर हाताशी असावी, इतकंच, असं तो लतिकाला म्हणाला. कार्यवाहाला सगळ्या बाजू सांभाळाव्या लागतात.

वसंतराव पहिल्या रांगेत, ईश्वरीच्या शेजारी. पडदा सरकला. एका बाजूला इस्त्रीच्या कुडत्यात अवघडून बसलेला सदानंद, त्याच्याजवळ जमाल. जमालची नखं घासून घासून लाल झाली होती, तरी कडेला पांढरा रंग राहिलाच होता. मध्ये मृणालिनी, जांभळ्या अंगरख्यात. टाळ्या पडल्या. तिनं नमस्कार केला, थाट दाखवला, आमद नाचली; सुरुवातीचे हे प्रकार मुक्यानंच व्हायचे. आणि मग ती माइकपाशी आली.

लेहरा एकदा फिरला. तिनं टाळी धरली, ओठ उघडले. वसंतरावांना ते हलताना स्पष्ट दिसले. आवाज आला नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "माइक बंद आहे का?" साउंडवाल्यानं एक बटण फिरवलं, स्पीकरमधून शिट्टी आली, म्हणजे माइक चालू होता. लेहरा पुन्हा फिरला. सदानंदची नजर पट्ट्यांवर खिळलेली, कपाळावर घाम. पुन्हा तेच, ओठ बरोबर मात्रेवर, आणि आवाज नाही.

तेवढ्यात मृणालिनीनं पहिल्या रांगेकडे पाहिलं. बाबांकडे. आणि ती हसली. तेच हसू, गालावरची खळी धरून, पाचही सिनेमांच्या सत्कारांतलं. आठशे डोळे समोर असताना काय करायचं, ते तिच्या अंगात मुरवलेलं होतं. लोकांना ते फार गोड वाटलं, कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. हे मी केलं, वसंतरावांना वाटलं, दुसऱ्या कुणी नाही.

ते खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. हसू नकोस. एकदा हलवली, तिला कळलं नाही. पुन्हा हलवली, जोरात. आणि मग हनुवटी उचलून, भर सभागृहात, तोंड पूर्ण उघडून ते म्हणाले, "बोल!"

मृणालिनीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. सम आली, आणि तिच्या तोंडून 'धा' पडला.

सभागृह दचकलं. तो आवाज जाड होता, खरखरीत होता, आणि पोटातून आलेला होता. त्यामागे पुढचे बोल आले, एकावर एक, कुठे कुजबुजल्यासारखे, कुठे धाड धाड. जमालचा चेहरा फुलला. तुकडा संपवून ती मागे सरकली आणि जे बोलली होती ते सगळं तिनं पायांनी म्हणून दाखवलं. समेवर ती आणि तबला एकाच क्षणी थांबले तेव्हा मागच्या रांगेतल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. ईश्वरी आजोबांचा दंड गच्च धरून म्हणाली, "आजोबा, शी डिड इट!" गेल्या तीस वर्षांत वसंतरावांनी इतका अभिमान मिरवला, पण तो छातीत असा दुखला नव्हता.

पंचवीस मिनिटं झाली असतील. विलंबित आटोपून मृणालिनी घाम पुसायला, घोटभर पाणी प्यायला विंगेशी गेली. टाळ्यांचा कडकडाट चालू होता. सत्यजितला तीनतालातलं काही कळत नव्हतं. टाळ्या झाल्या म्हणजे कार्यक्रम संपला, एवढंच त्याला ठाऊक. तो शाल, नारळ आणि दुसरा माइक घेऊन थेट रंगमंचावर आला.

"थँक यू, ताई! आणि आता, लेडीज अँड जंटलमेन, ज्यांनी आपल्याला बेबी मिनू दिली ते आमचे बाबा! बाबा, या ना वर. यल्ला!"

पेटीवर सदानंद हातवारे करून नाही नाही म्हणत होता. सत्यजितला वाटलं, तो सत्काराला नको म्हणतोय. वसंतरावांना दोघा कार्यकर्त्यांनी हाताला धरून वर नेलं. खांद्यावर शाल पडली. मागून आवाज सुरू झाले, "ससोबा! ससोबा!" पहिल्या रांगेतल्या एक बाई उठून उभ्या राहिल्या. डोळ्यांत कौतुक, हातात रुमाल. "काका, आम्ही लहानपणी ती रेकॉर्ड झिजवली हो! काय गोड आवाज होता बेबीचा. आज घसा बसलाय का तिचा?"

सत्यजितनं माइक बाबांच्या हातात दिला आणि साउंडवाल्याला खूण केली, तयार राहा.

असे प्रश्न वसंतरावांना शेकडो वेळा विचारले गेले होते. उत्तर पाठ होतं: हो, पोरगी जन्मतःच सुरेल, देवाची देणगी. ते उत्तर ओठांवर आलंसुद्धा. विंगेपाशी मृणालिनी हातात पाण्याचा पेला धरून उभी होती. आता ती हसत नव्हती.

"घसा बसलेला नाही," वसंतराव म्हणाले. माइकवर त्यांचा आवाज चिरकला, त्यांनी खाकरून घेतलं. "तो असाच आहे. जन्मापासून. तुम्ही ऐकलात तो गोड आवाज मैथिलीबाई नावाच्या एका बाईंचा. गाणंही त्यांचं, बोलणंही त्यांचं. रेकॉर्डवर नाव आमच्या पोरीचं छापलं. सही माझी आहे."

सभागृहात चुळबुळ झाली. उभ्या राहिलेल्या बाई तशाच उभ्या होत्या. "म्हणजे ते तिनं म्हटलंच नव्हतं?" त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची निराशा वसंतरावांना स्वच्छ दिसली. याच निराशेला ते आयुष्यभर घाबरत आले होते. देवळातल्या ओळखी, वाढलेली ती दोन बोटं उंची, सगळं आत्ता इथं चारशे माणसांसमोर उतरत होतं. उतरू दे, त्यांना वाटलं.

"नाही म्हटलं. तिला मी बोलूच दिलं नाही. सात वर्षांच्या पोरीला मी सांगितलं, नुसतं हस. सिनेमातली बेबी मिनू निम्मी माझी, निम्मी मैथिलीबाईंची. तिच्याबद्दल मी खूप मिरवलं, तेवढं पुरे. ही जी आत्ता बोलली ना, ती मृणालिनी. तिचं तिनं कमावलंय, माझ्या नाकावर टिच्चून कमावलंय. मी बाप आहे तो हिचा." ते थांबले. शाल खांद्यावरून घसरत होती, ती सावरायचं त्यांना सुचलं नाही. "आणि तिच्यासारखा आवाज मी जन्मात ऐकलेला नाही. सत्या, ती कॅसेट परत घे साउंडवाल्याकडून."

सत्यजितनं साउंडवाल्याला नको म्हणून खूण केली. मग मागच्या बाजूला कुणीतरी टाळी वाजवली, बहुधा खैरुन्निसा आपांनी, आणि क्लासच्या बावीस पोरी एकदम ओरडल्या. पहिल्या रांगेतल्या बाई खाली बसल्या, रुमाल डोळ्यांना लावला, आणि त्यांनीही टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

वसंतराव माइक धरून तसेच उभे होते. अजून काही सांगावंसं वाटत होतं, मैथिलीबाईंबद्दल, गिरिजाबाईंबद्दल, आतल्या खोलीत दाराला कान लावून ऐकलेल्या चार दुपारींबद्दल. त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात मृणालिनी विंगेतून चालत आली, पायांतले चाळ वाजवत, सरळ त्यांच्यापर्यंत. तिचे डोळे भरले होते, पण तिनं ते पुसले नाहीत. तिनं त्यांच्या हातातून माइक काढून घेतला.

"बाबा, आता खाली बसा," ती म्हणाली, सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात. "माझं अजून संपलेलं नाही."

वसंतराव तिथंच, जमालच्या शेजारी, मांडी घालून बसले.